मुलांच्या हाती साहसाची पुस्तके

मुलाने पाटीवर आपले नाव लिहिले की घरात आनंद होतो. आई ती पाटी शेजारणीस नेऊन दाखविते, आजी मुलाच्या हातावर गूळ ठेवते आणि बाप चारचौघांत सांगतो की, आमचा पोरगा आता वाचू लागला. हा आनंद योग्यच आहे. परंतु अक्षरे ओळखता येणे ही एक गोष्ट आणि वाचता येणे ही दुसरी गोष्ट, हे पुष्कळ आईबापांच्या ध्यानात येत नाही. पहिल्या गोष्टीकडून दुसरीकडे जाण्याच्या वाटेवर किती तरी मुले मध्येच बसकण मारतात. ती का थांबतात आणि त्यांस पुढे न्यावयाचे तर घराने काय करावे, याविषयी आज आम्ही वाचकांशी चार शब्द बोलणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, अक्षरओळख झालेल्या मुलाच्या हाती त्याच्या मातृभाषेतील लहान लहान साहसकथांची पुस्तके पडली पाहिजेत. ही चैन नव्हे. शिक्षणाची ती एक आवश्यक पायरी आहे आणि आपल्या सीमाभागातील ख्रिस्ती घरांत तर तिला दुप्पट मोल आहे.

मधली पायरी

सात-आठ वर्षांचे मूल वाचावयास बसले म्हणजे त्याची काय अवस्था होते, ते पाहावे. त्याचे बोट एकेका अक्षरावरून पुढे सरकते. काना, मात्रा, वेलांटी यांची जुळणी करता करता मध्येच एखादे जोडाक्षर आडवे येते आणि बैलगाडीचे चाक दगडाला अडावे तसे ते मूल अडते. कसेबसे वाक्य संपते, तोवर वाक्याचा आरंभ काय होता हे ते विसरून गेलेले असते. सगळी शक्ती अक्षरे फोडण्यातच खर्च झाली, मग अर्थाकडे लक्ष कोठून राहणार? याला उपाय एकच, आणि तो म्हणजे पुष्कळ वाचणे. शंभर वेळा डोळ्यांखालून गेलेला शब्द शंभरएकाव्या वेळी फोडावा लागत नाही. ओळखीच्या माणसाचा चेहरा दिसावा तसा तो एकदम दिसतो.

पण पुष्कळ वाचावयाचे कशाच्या बळावर? क्रमिक पुस्तकातील धडा मूल गुरुजींच्या धाकाने वाचते आणि परीक्षा संपताच पुस्तक मिटते. मोठे, बारीक टायपाचे पुस्तक पाहूनच ते घाबरते. या दोहोंच्या मध्ये जे पुस्तक हवे, ते असे असावे : साठ-सत्तर पानांचे, ठळक टायपाचे, पाच-सहा पानांच्या लहान प्रकरणांत विभागलेले. त्यात मुलाच्याच वयाचा एखादा नायक किंवा नायिका असावी, प्रत्येक प्रकरणात एक अडचण उभी राहावी आणि प्रकरण संपताना "आता पुढे काय?" हा प्रश्न मनात राहावा. हा प्रश्नच मुलाला पान उलटावयास लावतो. गुहेत शिरलेला मुलगा बाहेर कसा येणार हे जाणण्यासाठी मूल दहा जोडाक्षरे आनंदाने फोडील. एरवी त्याला दोन फोडावयास लावणेही कठीण असते. शिवाय एकच नायक अनेक पुस्तकांतून भेटत असला म्हणजे त्याचे गाव, त्याचे मित्र, त्याची बोलण्याची ढब हे सर्व आधीच ओळखीचे असते. त्यामुळे दुसरे पुस्तक पहिल्याहून सोपे जाते आणि तिसरे दुसऱ्याहून.

ही अडचण केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. १९५४ साली अमेरिकेतील 'लाइफ' या साप्ताहिकात जॉन हर्सी या लेखकाने तक्रार मांडली की, शाळेतील वाचनपुस्तके इतकी नीरस आहेत की मुलांना वाचावेसे वाटत नाही. तीन वर्षांनी, १९५७ साली, डॉक्टर स्यूस या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने अवघे २३६ निरनिराळे शब्द वापरून एका उपद्व्यापी मांजराची गोष्ट लिहिली. त्याच वर्षी एल्स मिनारिक या शिक्षिकेचे 'लिटल बेअर' हे चार छोट्या गोष्टींचे पुस्तक निघाले. मुलाने स्वतः, कोणाच्या मदतीवाचून, वाचून संपवावे अशा पुस्तकांची रीत तेथे तेव्हापासून चांगलीच रुजली.

आपल्या देशात 'प्रथम' या संस्थेच्या वतीने २००५ पासून ग्रामीण मुलांच्या वाचनाची पाहणी होत आली आहे. २०२२ च्या पाहणीत पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला नाही. ही मुले शाळेत जात नव्हती असे नाही. ती जात होती, अक्षरेही पुष्कळांस येत होती. मधली पायरी मात्र त्यांच्या पायांखाली नव्हती.

आपल्या सीमाभागातील प्रश्न

आता आपल्या चिकोडी-निपाणीकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. राजकारणाचा हा वाद आमचा विषय नव्हे आणि तो येथे उकरून काढण्याची आमची इच्छाही नाही. दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा या नद्या भाषा विचारून पाणी देत नाहीत. २०१९ व २०२१ च्या महापुरांत त्यांनी मराठी घर आणि कानडी घर असा भेदही केला नाही, आणि त्या संकटात शेजारी शेजाऱ्याच्या उपयोगी पडला तेव्हा त्यानेही केला नाही. कानडी ही आपल्या शेजाऱ्याची, बाजाराची आणि सरकारी कचेरीची भाषा आहे. आपल्या मुलांनी ती उत्तम शिकावी, तिच्यातील चांगली पुस्तके वाचावीत असेच आम्ही म्हणतो. कुवेंपूंची 'किंदरिजोगी' आपल्या मुलांनी का वाचू नये? अवश्य वाचावी.

परंतु त्याबरोबर एक गोष्ट हळूहळू, आवाज न करता घडत आहे, तिकडे डोळेझाक करून चालणार नाही. ज्या घरात आजी मराठीत जपमाळ म्हणते, आई मराठीत रागावते आणि बाप मराठीत लाड करतो, त्या घरातील मूल कानडी किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. त्याला दोन लिप्या शिकविल्या जातात, पण देवनागरी कोणी शिकवीत नाही. शिकविली तरी हिंदीपुरती. धर्मशिक्षणाच्या वर्गास येणाऱ्या मुलांत आम्ही हे पाहतो. मराठी ती फडाफडा बोलतात. पण मराठी शुभवर्तमान त्यांच्या पुढे ठेवले की पहिल्याच ओळीला त्यांची मान खाली जाते. प्रार्थना त्यांस तोंडपाठ असतात, परंतु त्या छापलेल्या दिसल्या तर ओळखता येत नाहीत.

याचा परिणाम काय होईल, याचा विचार करावा. द्वितीय व्हॅटिकन महासभेनंतर पवित्र मिस्सा लोकांच्या भाषेत होऊ लागली. ती का? लोकांनी देवाचा शब्द ऐकावा, समजून घ्यावा आणि स्वतः वाचावा म्हणून. ज्या मंदिरात मराठीत उपासना होते, तेथे उद्या वाचनपीठावर उभे राहून पहिले वाचन कोण वाचणार? घरातील जुने बायबल, आजोबांनी जपून ठेवलेले गीतांचे पुस्तक, परगावच्या आत्याचे पत्र आणि हे साप्ताहिकही, कोण उघडणार? फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय धर्मगुरू इंग्लंडातून १५७९ साली गोव्यास आले, परकी असून येथील भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. चार शतकांपूर्वी एका परदेशी माणसाने आमच्या पूर्वजांसाठी मराठीत हजारो ओव्या रचाव्यात आणि आज आमच्या मुलांस ती भाषा वाचता येऊ नये, ही स्थिती आपणांस शोभते काय?

शाळा हे काम करील म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. घराला ते करता येईल, आणि त्यासाठी छडी, शिकवणी किंवा भाषणे यांची गरज नाही. मुलाला आपणहून उघडावेसे वाटेल असे मराठी पुस्तक घरात असले म्हणजे झाले.

साहस आणि श्रद्धा

येथे काही भाविक आईबाप विचारतील : "फादर, वाचायचेच तर मुलाने संतांची चरित्रे वाचावीत. चोर, गुहा, खजिना असल्या गोष्टींनी पोरे बिघडणार नाहीत का?" ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर आम्ही पवित्र शास्त्रातूनच देऊ.

आपल्या बायबलात तोबिताचा ग्रंथ आहे. निनवे नगरात राहणारा वृद्ध तोबित आंधळा झाला आहे. दूर मेदय देशात एका नातलगाजवळ ठेवलेली चांदी आणण्यासाठी तो आपला तरुण मुलगा तोबियास याला पाठवितो. वाटेवर सोबतीला एक अनोळखी प्रवासी मिळतो. मागोमाग घरचा कुत्राही निघतो. तैग्रिस नदीकाठी तोबियास पाय धुण्यास उतरतो, तोच एक प्रचंड मासा उसळी घेऊन त्याचा पाय गिळू पाहतो. सोबती ओरडतो, "धर त्याला, सोडू नकोस!" आणि मुलगा मासा पकडून काठावर ओढतो. पुढे त्याच माशाच्या पित्ताने बापाची दृष्टी परत येते आणि शेवटी कळते की तो अनोळखी सोबती साक्षात राफाएल देवदूत होता. वाचकहो, लांबचा प्रवास, अनोळखी सोबती, कुत्रा, राक्षसी मासा आणि शेवटी उलगडणारे रहस्य, यांहून निराळे असे कोणत्या साहसकथेत असते? दावीद आणि गल्याथ, योनाचा प्रवास, टोपलीत बसून दमास्कसच्या तटावरून खाली उतरणारा पौल, २७६ माणसांसह माल्टाच्या किनाऱ्यावर फुटलेले त्याचे जहाज, ही सर्व पाने धाडसाने भरलेली आहेत. मुलाच्या मनास धाडस का आवडते हे परमेश्वर जाणतो, कारण ते मन त्यानेच घडविले.

संतांकडे पाहिले तरी हेच दिसते. आविलाची संत तेरेजा लहानपणी आपला भाऊ रॉड्रिगो याच्यासह हुतात्म्यांच्या कथा वाचीत असे. त्या कथांनी भारून जाऊन ही दोन्ही भावंडे एके दिवशी मूर लोकांच्या मुलखात जाऊन ख्रिस्तासाठी प्राण देण्याच्या इराद्याने घरातून निघाली. वाटेत चुलत्याने त्यांना गाठून परत आणले! लॉयोलाचे संत इग्नेशियस १५२१ साली पांप्लोना येथील लढाईत जखमी होऊन अंथरुणास खिळले, तेव्हा त्यांनी वाचावयास वीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. तीच पुस्तके त्यांनी वाचली आणि शौर्याची तहान असलेले ते मन प्रभूच्या सेवेकडे वळले. शौर्याची ओढ त्यांच्या ठिकाणी आधीच होती. पुस्तकाने तिला दिशा दाखविली.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हीच संत तेरेजा आपल्या आत्मचरित्रात लिहितात की, थोड्या मोठ्या वयात त्यांस शूर सरदारांच्या प्रेमकथांचा असा नाद लागला की नवे पुस्तक हाती नसले तर चैन पडेना, आणि त्यामुळे मनाची हानी झाली. तात्पर्य, पुस्तक मुलाला घडविते तसे बिघडवूही शकते. म्हणून पुस्तके बंद करू नयेत, ती निवडावीत.

ख्रिस्तसभेतील धर्मगुरूंनी हे ओळखून स्वतः लेखणी हाती धरली आहे. संत जॉन बॉस्को बालपणी डोंबाऱ्यांचे खेळ पाहून दोरीवर चालण्यास शिकले आणि गावच्या पोरांस तो खेळ दाखवून त्याबद्दल जपमाळ म्हणावयास लावीत. पुढे १८५३ साली त्यांनी सामान्य लोकांसाठी लहान, स्वस्त पुस्तकांची मालिका सुरू केली. अमेरिकेतील येशूसंघीय फादर फ्रान्सिस फिन यांनी शाळकरी मुलांच्या खोड्या व धाडसे रंगवून टॉम प्लेफेअर या मुलाच्या कथा लिहिल्या.

सर्वांत गोड हकीकत आहे ती आइसलँडच्या फादर योन स्वेन्सन यांची. जन्म १८५७ चा. वयाच्या बाराव्या वर्षी, १८७० साली, या मुलाने शिक्षणासाठी आपली आई, आपले बर्फाळ बेट, सर्व काही सोडले आणि तो जहाजावर चढला. परदेशात तो कॅथोलिक झाला, येशूसंघात गेला, डेन्मार्कमध्ये त्याने पुष्कळ वर्षे शिक्षकाचे काम केले. उतारवयात त्याने आपले बालपण कागदावर उतरविले. 'नोन्नी' हे त्याचे घरचे लाडके नाव. त्याच नावाचे पहिले पुस्तक १९१३ साली निघाले. नोन्नी आणि त्याचा धाकटा भाऊ मान्नी हे लहानशा होडीतून मासे धरावयास निघतात आणि ओहोटी व धुके यांत सापडून भर समुद्रात ओढले जातात. थोरला धीर देतो, धाकटा प्रार्थना करतो. शेवटी एका फ्रेंच जहाजावरील लोक त्यांचे प्राण वाचवितात. या कथा जगातील अनेक भाषांत गेल्या. फादर स्वेन्सन १९४४ साली निवर्तले. आइसलँडमधील आकुरेरी गावी त्यांचे लहानपणचे घर आजही जपून ठेवलेले आहे. मुलांसाठी गोष्टी लिहिल्याने या धर्मगुरूचे याजकपण उणे झाले नाही. उलट, ज्यांनी कधी धर्मगुरू पाहिला नव्हता अशा किती तरी मुलांच्या घरांत ते गेले.

मराठीतील ठेव

आपल्या भाषेतही ही ठेव लहान नाही. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढले. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' सुरू केले. अमेरिकन मराठी मिशनचे 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक त्याहीपूर्वी, एकोणिसाव्या शतकातच निघाले होते. मराठी मुलांस वाचनाची गोडी लावणाऱ्यांत ख्रिस्ती मंडळींचा हात पहिल्यापासून आहे, हे आपण विसरू नये. पुढे ना. धों. ताम्हनकरांचे 'गोट्या' आणि 'चिंगी' आले, घराघरांत 'चांदोबा' आला. १९७१ साली महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, 'किशोर' मासिक सुरू केले. त्याचे जुने अंक आज संगणकावर व मोबाइलवर विनामूल्य वाचता येतात.

परंतु साहसकथांत ज्यांचे नाव प्रथम घ्यावे ते भा. रा. भागवत. १९१० साली जन्मलेले आणि २००१ साली निवर्तलेले हे लेखक मुलांसाठी लिहिणे हेच आपले जीवितकार्य मानीत. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या चंद्रावरच्या, समुद्रातळीच्या, पृथ्वीच्या पोटातील अद्भुत सफरी त्यांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या. आणि पुण्याजवळच्या फुरसुंगी गावचा बनेश फेणे, म्हणजेच 'फास्टर फेणे', हा त्यांचाच मानसपुत्र. अंगाने काटकुळा, सायकलवर पटाईत, जिभेने "ट्टॉक्" असा आवाज काढणारा हा शाळकरी पोरगा सुमारे वीस पुस्तकांतून प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत हिंडतो, चोरांचा माग काढतो, संकटात सापडतो आणि सुटतो. १९८७ साली त्याच्यावर दूरदर्शनची मालिका झाली, २०१७ साली चित्रपट निघाला. पण खरा फास्टर फेणे पुस्तकातलाच. एक गोष्ट आमच्या विशेष ध्यानात आली. हा मुलगा श्रीमंत नाही, बलदंड नाही, त्याच्याजवळ जादू नाही. आहे ती जागरूक बुद्धी आणि दुसऱ्याच्या हाकेला धावून जाण्याची वृत्ती. खेड्यातल्या मुलाने त्याच्यात स्वतःला पाहावे, असाच तो आहे.

यापेक्षा लहान मुलांसाठी, जी आताच अक्षरे जुळवू लागली आहेत त्यांच्यासाठी, माधुरी पुरंदरे यांची घरगुती विषयांवरील सचित्र पुस्तके उत्तम. तसेच 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' नावाचे संगणकीय ग्रंथालय उघडले. त्यात सोप्याकडून अवघडाकडे अशा चार पातळ्यांच्या मराठी गोष्टी फुकट मिळतात आणि त्याच गोष्टी पुष्कळदा कानडीतही सापडतात. आपल्या भागातील मुलाने एकच गोष्ट दोन्ही लिप्यांत वाचावी, याहून चांगला अभ्यास कोणता? कर्नाटक शासनाने २०२० पासून ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत मुलांची विनाशुल्क नावनोंदणी सुरू केली. आपल्या गावच्या ग्रंथालयात मुलाचे नाव घालावे आणि तेथे मराठी पुस्तकेही ठेवावीत अशी नम्र मागणी करावी. मागितल्यावाचून काही मिळत नाही.

निवड कशी करावी

पुस्तक विकत घेण्यापूर्वी आईबापांनी ते हाती घेऊन चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, अक्षर. टायप ठळक असावा, ओळींत अंतर असावे. मुलाला मधले एखादे पान मोठ्याने वाचावयास सांगावे. एका पानावर पाचांहून अधिक शब्दांना ते अडले तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी ठेवावे.

दुसरी, प्रकरणे. एक प्रकरण एका बैठकीत संपावे. "एक प्रकरण वाचून झाले" हे समाधान लहान मुलाला फार मोठे असते.

तिसरी, धाडसाचे स्वरूप. नायक धोका पत्करतो तो कोणासाठी? कोणाला वाचविण्यासाठी, सत्य उघडकीस आणण्यासाठी, मित्रास दिलेला शब्द पाळण्यासाठी असेल तर ते धाडस. केवळ फुशारकीसाठी किंवा सूड घेण्यासाठी असेल तर तो आडदांडपणा. ज्या पुस्तकात क्रौर्याची मजा वाटते, गरिबांची, काळ्या माणसांची किंवा परधर्मीयांची टवाळी होते, ते कितीही रंजक असले तरी बाजूस ठेवावे. जुन्या परदेशी साहसकथांत असा दोष पुष्कळदा आढळतो, तेव्हा विशेष जपावे.

चौथी, मुली. साहस म्हणजे मुलांचे आणि भातुकली म्हणजे मुलींची, ही समजूत सोडून द्यावी. एस्तेर राणीने प्राणांची पर्वा न करता आपले लोक वाचविले. आपल्याच जिल्ह्यातील कित्तूरची राणी चन्नम्मा १८२४ साली इंग्रजांशी लढली. मुलींनाही साहसकथा द्याव्यात आणि ज्यांत मुलगी पुढाकार घेते अशा शोधून द्याव्यात.

पैशाचा प्रश्न उरतो. तो आम्हांस ठाऊक आहे. पाऊस आणि ऊसबिलाची वाट पाहणाऱ्या घरात पुस्तकासाठी पैसे काढणे सोपे नसते. पण पाच घरांनी मिळून नाताळात एकेक पुस्तक घेतले आणि आळीपाळीने फिरविले, तर प्रत्येक घरातील मूल पाच पुस्तके वाचील. मंदिराजवळच्या खोलीत एक कपाट, एक वही आणि रविवारच्या मिस्सेनंतर अर्धा तास बसणारी एखादी नववी-दहावीतील मुलगी, एवढ्यावर पुस्तकांची देवघेव उत्तम चालते.

विडीच्या सुपाशी

शेवटची गोष्ट वाचनाच्या वेळेची. निपाणी म्हणजे तंबाखू आणि तंबाखू म्हणजे विडी. मांडीवर सूप घेऊन पाने, तंबाखू आणि दोरा यांच्याशी दिवसभर झगडणाऱ्या आया-बहिणी या भागात पुष्कळ. मुलाचा अभ्यास घेण्यास त्यांस वेळ नसतो आणि पुष्कळांना वाचताही येत नाही. मग हे सारे त्यांच्यासाठी नाही काय?

त्यांच्यासाठी दूर क्युबा देशातील एक हकीकत सांगतो. तेथेही तंबाखूच पिकतो. १८६५ साली तेथील चिरूट वळणाऱ्या कामगारांनी एक प्रथा सुरू केली. आपल्यातील एकाने उंच आसनावर बसून सर्वांस मोठ्याने वाचून दाखवावयाचे आणि त्याचा मेहनताना इतरांनी आपल्या मजुरीतून द्यावयाचा. सकाळी वर्तमानपत्र आणि मग कादंबरी. अलेक्झांडर द्यूमाची 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' ही साहसकथा त्या कामगारांना फार प्रिय होती. 'माँटेक्रिस्टो' नावाचा चिरूटच पुढे तेथे निघाला. आपल्या केरळातही कण्णूरकडील विडी कामगारांत अशी रीत होती. एकाने वाचावयाचे आणि त्याच्या वाटच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यावयाच्या. त्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या माणसांनी ऐकून ऐकून जगाचे ज्ञान मिळविले.

आपल्या घरी हे का होऊ नये? आई विड्या वळीत बसली आहे. मुलाने जवळ बसावे, पानांना हात लावण्यासाठी नव्हे, तर पुस्तक घेऊन. मुलांचे हात तंबाखूत घालू नयेत. ते त्यांच्या प्रकृतीस अपायकारक आहे आणि त्या हातांना दुसरे काम आहे. मुलाने एक प्रकरण मोठ्याने वाचावे, आईने ऐकावे. अडले तर अडू द्यावे, हसू नये. "मग पुढे काय झाले रे?" एवढे आईने विचारले की पुरे. हा प्रश्न विचारण्यास अक्षरओळख लागत नाही. जिला वाचता येत नाही अशी आई मुलाला वाचन शिकवू शकते ती अशी. ज्या घरी विडी नाही तेथे संध्याकाळी जपमाळेनंतर दहा मिनिटे काढावीत. तेवढा वेळ मोबाइल कपाटात ठेवावा. तो बापानेही ठेवावा, कारण मूल ऐकते त्याहून पाहते अधिक.

अशा रीतीने एका वर्षात मूल किती वाचील? आठवड्यास पाच प्रकरणे धरली तरी वर्षाची अडीचशेहून अधिक होतात. अडीचशे वेळा ज्याने "पुढे काय?" या ओढीने मराठी पान उलटले, त्याला शुभवर्तमानाचे पान उघडताना मान खाली घालावी लागणार नाही. आपला प्रभू लोकांस शिकवू लागला तो गोष्टी सांगूनच. हरवलेले मेंढरू शोधावयास रानावनात हिंडणारा मेंढपाळ आणि चोरांच्या हाती सापडलेल्या वाटसरूला आपल्या जनावरावर बसवून नेणारा शोमरोनी, या गोष्टींची गोडी कळण्यास मुलाचे मन आधी गोष्टींसाठी तहानलेले असावे लागते. ती तहान लावणे आईबापांच्या हाती आहे.

नाताळची खरेदी करताना कपड्यांबरोबर एक पुस्तक घ्यावे. त्यावर मुलाचे नाव स्वच्छ मराठी अक्षरांत लिहावे आणि ते त्याच्या उशाशी ठेवावे. पहिले प्रकरण तुम्ही वाचून दाखवा, दुसरे मूल आपणहून उघडील. तोबियासास वाट दाखविणारा राफाएल देवदूत आपल्या मुलांनाही या वाटेवर सोबत करो.